कमाई दाखवायची की लपवायची?



मागच्या महिन्यात पडघ्याच्या बाजूला एका गावात गटाची बैठक होती. बचत मोजून झाली, कर्जाचे हप्ते वहीत लिहून झाले, बाया उठायला लागल्या. तेवढ्यात एक ताई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जरा थांबता का? एक कागद दाखवायचाय."

ती गेली दोन वर्षं एका गोदामात पॅकिंगला जाते. आपल्या भिवंडी तालुक्यात आता शेतापेक्षा गोदामं जास्त, हे मी तुम्हाला सांगायला नको. आतापर्यंत ठेकेदार रोख पैसे हातात द्यायचा. आता ठेकेदार बदलला. नव्याने सांगितलं की सगळ्यांची नावं कागदावर घेणार, पगार महिना ११,००० रुपये, त्यातून पीएफ कापणार आणि पगाराची चिठ्ठी देणार. नमुन्याची चिठ्ठी तिने पदराच्या गाठीत बांधून आणली होती. सोबत तिच्या दिराचीही होती, तो त्याच गोदामात माल चढवतो.

तिने दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "दिराच्या चिठ्ठीत पीटी म्हणून २०० रुपये कापलेत, माझ्या चिठ्ठीत ते नाहीत. असं का?" दुसरी तिने खाली बघून विचारली. "बाया म्हणतात सही केलीस की लाडकी बहीण बंद, रेशन बंद. मी ठेकेदाराला सांगू का, माझं नाव घालू नको, मला रोखच दे म्हणून?"

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण त्या दिवशी मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन शोधलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी, पन्नास वर्षं मागे सापडली. म्हणून आज हा विषय घेतलाय.

आधी त्या २०० रुपयांचं बघू. पीटी म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात हा कर १ एप्रिल १९७५ पासून सुरू झाला. आज पगारदार पुरुषाला महिना साडेसात हजारांच्या वर पगार असला की तो लागतो. दहा हजारांच्या वर महिना २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. बायकांना एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत माफ आहे, म्हणून ताईच्या चिठ्ठीत तो नाही. हा कर आणला कशासाठी होता, हे मात्र फार थोड्या लोकांना माहीत असतं. शहरातल्या पगारदारांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून खेड्यातल्या बिनकामाच्या हातांना काम द्यायचं, रोजगार हमीला पैसा उभा करायचा, यासाठी तो आणला.

रोजगार हमी म्हटलं की दुष्काळ आलाच. माझी आजी मूळची नगर जिल्ह्यातली, पाथर्डीकडची. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. त्या वर्षी अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. तिची भाकरी लाल आणि कडक व्हायची, असं ती सांगायची. दुपारी कामावर सुकडी मिळायची. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यात बाया किती असतील याचा अंदाज तुम्ही करा, कारण पुरुष खोदायचा आणि पाटी बाईच्या डोक्यावर असायची.

आजी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. कामावर गेलं की मुकादम नाव विचारायचा, गाव विचारायचा आणि हजेरीपटावर लिहायचा. घरात किती दाणे आहेत, जमीन किती, नवरा काय कमावतो, हे कुणी विचारलं नाही. दाखला मागितला नाही. चार एकरवाल्याची सून आणि भूमिहीन बाई एकाच ढिगाशी बसून खडी फोडायच्या. जो उन्हात दगड फोडायला तयार आहे त्याला गरज आहे, एवढा एकच हिशेब होता.

हा हिशेब कुणीतरी विचार करून मांडलेला होता. वि. स. पागे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, गांधींच्या विचारांचे, पुढे बरीच वर्षं विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम द्यायचं, असा लहानसा प्रयोग झाला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. दुष्काळ आला आणि योजनेच्या जागी मोठी दुष्काळी कामं काढावी लागली. दुष्काळ सरल्यावर ती पुन्हा सुरू झाली. पण योजना म्हणजे सरकारची मर्जी, आज आहे, उद्या नाही. म्हणून १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. सरकारकडे काम मागणं हा हक्क आहे, असं कायद्यात लिहिणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. दिल्लीने तसा कायदा २००५ मध्ये केला, म्हणजे सव्वीस वर्षांनी.

आता त्या कायद्यात पात्रतेच्या अटी काय होत्या ते बघा. वय १८ च्या वर. राहणार खेड्यातली किंवा 'क' वर्गाच्या लहान नगरपालिकेच्या हद्दीतली. अंगमेहनतीचं काम करायची तयारी. नाव नोंदवायचं, काम मागायचं, पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. पुरुष-बाईला दर सारखा. उत्पन्नाची अट नाहीच. आजही कामाची मागणी नमुना ४ वर करतात आणि त्याची पावती नमुना ५ वर मिळते. ती पावती सोडू नका, तिच्याशिवाय भत्ता मागता येत नाही.

सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. मजुरी उशिरा मिळायची. हजेरीपटावर न आलेल्यांची नावं चढायची. आणि कामाची मोजणी टोळीवर व्हायची, म्हणून बाईने दिवसभर पाट्या वाहिल्या तरी पैसे नवऱ्याच्या हातात पडायचे. माझ्या आजीने चार महिने खडी फोडली, पण पगार आजोबांनी घेतला. हे ती हसत सांगायची. मला ऐकताना हसू यायचं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भिवंडीसाठी महत्त्वाची. कायदा खेड्यांसाठी आणि लहान गावांसाठी होता. भिवंडी शहर त्यात बसत नव्हतं, ते केव्हाच मोठं झालं होतं. म्हणजे तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या बाईला काम मागायचा हक्क होता. पण शहरात यंत्रमागाच्या शेजारी बसून कांड्या भरणाऱ्या बाईला नव्हता. माग बंद पडले, मंदी आली, तरी तिने काम कुणाकडे मागायचं? पात्रतेची रेघ गरजेवरून ओढलेली नव्हती, नगरपालिकेच्या हद्दीवरून होती. अटींच्या इतिहासात हे नेहमी दिसतं. रेघ कुठेतरी ओढावी लागते आणि तिच्या पलीकडे उभी असलेली बाई कधी कधी आतल्या बाईइतकीच गरीब असते.

आता जरा लांब जाते, पण तिथून परत याच चिठ्ठीकडे यायचं आहे.

मी तुम्हाला १ एप्रिल १९७५ ही तारीख सांगितली. त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्च १९७५ ला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली. त्यात एक लहानसं कलम होतं, त्याचं नाव अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट. आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडम याला कष्टाच्या कमाईवरची सवलत म्हणायच्या. मला हे नाव आवडतं, म्हणून तेच वापरते.

कल्पना अशी. कमी पगारावर काम करणाऱ्या माणसाने वर्षाच्या शेवटी कराचा फॉर्म भरायचा. कर लागत नसला तरी भरायचा. त्यात आपली कमाई दाखवायची. मग सरकार त्या कमाईवर वरून पैसे देणार. १९७५ चा दर होता कमाईच्या दहा टक्के. ४,००० डॉलर कमावले तर ४०० डॉलर सरकारकडून. त्याहून जास्त कमावलं तर पैसे एकदम बंद नाही व्हायचे. ४,००० च्या वर प्रत्येक डॉलरमागे दहा सेंट कमी होत जायचे, आणि ८,००० डॉलरला ते शून्यावर यायचे. ५,००० वाल्याला ३००, ६,००० वाल्याला २००, असं.

यामागचा हेतू फार उदार होता असं समजू नका. रसेल लाँग नावाचे लुईझियानाचे सिनेटर होते, तिथल्या अर्थ समितीचे अध्यक्ष. त्याआधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी प्रत्येक गरीब कुटुंबाला ठरावीक रक्कम द्यायची योजना मांडली होती. लाँग यांना ते पटलं नाही. जो काम करत नाही त्याला पैसे कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १९७२ मध्ये त्यांनी काम करणाऱ्याला बोनस द्या अशी सूचना केली. बघा, इकडे रोजगार हमी सुरू झाली तेही १९७२. दोन्हीकडे विचार एकच, मदत कष्टाला जोडायची. पागे म्हणाले काम मागा, आम्ही देतो. लाँग म्हणाले काम तुम्ही शोधा, कमाई दाखवा, आम्ही त्यात भर घालतो.

तिथल्या अटीही एकदम रुंद नव्हत्या. सुरुवातीला घरात मूल असेल तरच सवलत. मूल नसलेल्या कामगारांना ती १९९३ च्या कायद्याने मिळाली, तीही २५ ते ६४ या वयात आणि रक्कम थोडी. मूल वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तुमच्या घरात राहिलं पाहिजे, व्याज-भाड्याचं उत्पन्न फार नको, सरकारी ओळख क्रमांक पाहिजे. अटींचा कागद इतका लांब की आजही पात्र असलेल्या पाच जणांपैकी एक जण ती मागतच नाही. म्हणजे कागदाला घाबरणारे फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. आणि एक मोठं भोक त्यात पहिल्यापासून आहे. घरात सासऱ्यांचं पथ्यपाणी, मुलांचं, चुलीचं करणारी बाई दिवसभर राबते, पण तिची 'कमाई' शून्य, म्हणून तिला सवलतही शून्य.

तरी त्या कायद्यातली एक गोष्ट माझ्या मनात बसली. तिथे बाईला सवलत हवी असेल तर तिला आपली कमाई सांगावी लागते, लपवून चालत नाही.

आपल्याकडे काय झालं? रोजगार हमीने कष्ट विचारले. पण नंतरच्या बऱ्याच योजनांनी दाखला विचारला. १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली. विधवा, टाकलेल्या, अपंग, ज्यांना कुणी नाही, त्यांच्यासाठी. चांगली योजना, कितीतरी मावशांचा चहा-साखरेचा आधार. पण तिची उत्पन्नाची मर्यादा कित्येक वर्षं वर्षाला २१,००० रुपये राहिली. भागून बघा, महिन्याला १,७५०. दिवसाच्या हिशेबाने ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. दोन घरची धुणीभांडी केली तरी बाई त्याच्या वर जाते. मग तलाठ्याच्या दाखल्यावर किती लिहायचं? मला आठवतं, एकदा मी एका मावशीला घेऊन दाखल्याच्या अर्जासाठी एका केंद्रात गेले होते. समोरच्या पोराने तिला काही न विचारताच आकडा टाकला. मी म्हटलं, अरे तिला विचार तरी. तो म्हणाला, "विचारलं तर खरं सांगेल ना, मग बसणार नाही." त्याने चांगल्या मनानेच केलं, हे मी मान्य करते. पण मावशीने घामाने मिळवलेले पैसे त्या कागदावर नव्हतेच.

रेशनचंही तसंच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर आपल्या राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाची मर्यादा ठरवली, खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये, अख्ख्या घराची. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. नवरा-बायकोने मिळून १४१ दिवस काम केलं तर होतात ४३,९९२ रुपये. १४२ व्या दिवशी मर्यादा ओलांडली. म्हणजे सरकारने दिलेलं काम सरकारच्या मजुरीने केलं, तरी घर दुसऱ्या खात्याच्या कागदावर गरीब राहत नाही. हा हिशेब मी गटात फळ्यावर मांडला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मग १४१ दिवसांनी आजारी पडायचं."

आणि आता लाडकी बहीण. शासन निर्णय २८ जून २०२४ चा, महिना १,५०० रुपये. वय २१ ते ६५. घराचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. घरात आयकर भरणारं कुणी नको, कायम सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. सुरुवातीला पाच एकर जमिनीची अट होती, ती काढली. वयाची वरची मर्यादा आधी ६० होती, ती वाढवली. आधी अविवाहित मुली नव्हत्या, मग घरातली एक घेतली. म्हणजे बघा, अटी दगडावर कोरलेल्या नसतात. बायांनी आणि कार्यकर्त्यांनी बोलून काही आठवड्यांत त्या बदलल्या.

यात मला एक गोष्ट आवडते, की घरात राबणाऱ्या बाईलाही पैसे मिळतात, पगाराची चिठ्ठी नसली तरी. अमेरिकेच्या सवलतीत ते नाही. पण अडीच लाखांची रेघ कड्यासारखी आहे. २,५०,००० ला वर्षाचे १८,००० मिळतात आणि त्याहून एक रुपया वर गेलं की काहीच नाही. १९७५ च्या त्या कलमात उतार होता, हळूहळू खाली यायचा. आपल्याकडे घाटाच्या टोकावरून एकदम खाली. म्हणून बाया कड्याजवळ जायलाच घाबरतात आणि दोन पावलं आधीच आपली कमाई पदराखाली झाकतात.

आता त्या ताईचा हिशेब. तो आम्ही दोघींनी ओसरीवर बसून केला.

तिचा पगार ११,०००, वर्षाला १,३२,०००. नवरा यंत्रमागावर, सरासरी ९,५०० धरले, वर्षाला १,१४,०००. एकूण २,४६,०००. ती घाबरली होती ती दिराच्या पगाराने, कारण घर एकच, चूल एकच. पण या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. दीर त्यात येत नाही, सासूसासरेही नाहीत. म्हणजे सही केली तरी ती अटीत बसते. फक्त ४,००० रुपयांनी बसते, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. दिवाळीला दोघांना बोनस मिळाला तर पुन्हा मोजावं लागेल. आणि पीएफ कापला जाणं म्हणजे आयकर भरणं नव्हे. बायांची गल्लत इथेच होते.

रेशनचं मी तिला खोटं सांगितलं नाही. ४४,००० च्या वर तर तिचं घर रोखीतसुद्धा आहेच. चिठ्ठी नाही म्हणून ते फक्त दिसत नाही. तपासणी झाली तर दिसेल. हा धोका खरा आहे.

मग दुसरी बाजू मांडली. पूर्ण ११,००० वर पीएफ धरला तर तिचे महिना १,३२० कापले जातील आणि मालकाला तेवढेच घालावे लागतील. वर्षाला मालकाचे १५,८४०. लाडक्या बहिणीचे वर्षाचे १८,०००. दोन्ही मिळायला हरकत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं. शिवाय मालकाच्या हिश्शातला काही भाग पेन्शनला जातो. दहा वर्षं भरली तर म्हातारपणी पेन्शन, मध्येच काही झालं तर घरच्यांना विमा आणि जोडीदाराला पेन्शन. जिथे ईएसआय लागू आहे तिथे दवाखाना आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा. रोखीत यातलं एकही नाही. दोन वर्षं तिने गोदामात काढली, त्याचा पुरावा आज तिच्याकडे काहीच नाही. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, आणि तो वही घेऊन गेला.

हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या सासूबाई पण रोजगार हमीवर होत्या. त्यांचं नाव तरी वहीत असेल का हो कुठं?"

सही करायची की नाही, ते तिने ठरवायचं आहे. मी तिला कर म्हटलं नाही आणि नको करू असंही म्हटलं नाही. तिच्या घरचं रेशन बंद झालं तर ते माझ्या ताटातून जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. ठेकेदाराने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

तिच्यासारख्या आणखी सात जणी आमच्या तीन गटांत निघाल्या. म्हणून पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी आहे त्यांनी ती आणावी. नसेल त्यांनी मागच्या तीन महिन्यांत हातात किती आले ते आठवून एका कागदावर लिहून आणावं. नवऱ्याचेही आणा, पण त्याला विचारून. रेशनकार्ड, लाडक्या बहिणीच्या अर्जाची पावती आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा. खडू-फळा मी आणते. प्रत्येकीची बेरीज वेगळी करू, कारण दोघींची घरं सारखी नसतात. जिच्या घराची बेरीज रेघेच्या वर जाईल तिचा आकडा फळ्यावर नाही लिहायचा. तो तिच्या एकटीजवळ राहील.